सरोवरकन्येची धूरपरीक्षा

डोंगरावरच्या आमच्या एल आल्तो शहरात हवा इतकी विरळ आहे, की इथली माशी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडताना मध्ये एकदा भिंतीवर बसून दम खाते. मी हे सांगितलं की लोक हसतात. पण गाडीबद्दल हेच सांगितलं तर एकही ड्रायव्हर हसत नाही. समुद्रकाठच्या हवेसाठी बनवलेली गाडी चार हजार मीटर उंचीवर आणून उभी केली, की तिला पेट्रोल मिळतं पोटभर आणि हवा मिळते चिमूटभर. न पचलेलं सगळं मग ती मागच्या नळीतून काळं करून सोडते.

निकानोरची ‘सरोवरकन्या’ ही त्यातलीच. तिच्या मागच्या काचेवर हे नाव निळ्या रंगात रंगवलेलं आहे आणि त्या नावाला मी साक्षीदार आहे, कारण मी त्या गाडीचा धर्मपिता. पोर असो, घर असो की गाडी, बाप्तिस्मा म्हटला की आमच्यात धर्मपिता आणि धर्ममाता लागतातच. तळ्याकाठच्या कोपाकाबानाला देवळासमोर पाद्रीबाबांनी तिच्या टपावर पाणी शिंपडलं, तेव्हा एका अंगाला हार घेऊन मी उभा होतो आणि दुसऱ्या अंगाला बिअरची बाटली घेऊन सातुर्निना, बटाट्याच्या वखारीची मालकीण. त्या दिवसापासून आम्ही निकानोरचे कोंपाद्रे आणि कोमाद्रे झालो. रक्ताचं नातं तुटतं, हे तुटत नाही. गाडी भंगारात गेली तरी कोंपाद्रे हा कोंपाद्रेच.

सरोवरकन्या जपानात म्हातारी झाली आणि बोटीतून आमच्याकडे आली. तिकडे स्टिअरिंग उजवीकडे. इथं आल्यावर ते उपटून डावीकडे बसवलं, पण काटे राहिले जिथल्या तिथे, उजवीकडे. त्यामुळे वेग किती, पेट्रोल किती, इंजिनाला ताप किती, हे ड्रायव्हरला दिसतच नाही. दिसतं ते शेजारच्या प्रवाशाला. निकानोर चालवता चालवता म्हणतो, “बाई, जरा ताप बघा,” आणि बाई मांडीवरची कोंबडी सावरत काट्याकडे बघून सांगते. अशा गाडीत त्यानं आख्खं शहर वाहून नेलं.

त्या ऑगस्टमध्ये ते सगळं संपायची वेळ आली.

शेअर टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनं ठरवलं, की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ज्याच्या काचेवर धूर तपासणीचा बिल्ला नसेल, त्याची लाइनीतली जागा जाईल. निकानोरची जागा सातवी. ती जागा त्यानं विकत घेतली नव्हती. स्टँड झाला तेव्हा तिथं खड्डा होता आणि तो खड्डा त्यानं स्वतः धोंडे टाकून भरला होता. आता त्या धोंड्यांवर डोळा ठेवून एकजण नवी कोरी मिनीबस घेऊन दोन वर्षं ताटकळत होता. आणि सरोवरकन्या जुलैत एकदा नापास होऊन आली होती. तिचा धूर पाहून तपासणीवाल्यांनी मशीनची नळी बाहेर काढली आणि पुसायला फडकं मागवलं होतं.

“कोंपाद्रे इलारियोन,” निकानोर मला म्हणाला, “मी बासष्टचा आहे. मला दुसरं काही येत नाही. घरी बसलो तर आठवड्यात बायकोला नकोसा होईन आणि महिन्यात मला स्वतःला.”

तो हे हसत म्हणाला. पण चहाचा कप त्यानं बशीवर ठेवायला घेतला आणि तो बशीच्या बाहेर टेकला.

गाडी उस्ताद एलिसेओकडे गेली. एलिसेओचं गॅरेज विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे. विमान उतरताना त्याचं पत्र्याचं छप्पर असं थरथरतं, की स्क्रू आपोआप सैल होतात आणि एलिसेओचं अर्धं काम फुकटात होतं. यातलं छप्पर खरं आहे. एलिसेओ प्रोटेस्टंट पंथाचा, रविवारी दोन वेळा प्रार्थनेला जाणारा, दारूचा थेंब न घेणारा. नुसता न घेणारा नाही, जमिनीवरही न सांडू देणारा. आणि आमच्याकडे कुठलंही शुभकाम धरणीमायच्या तोंडात दोन थेंब घातल्याशिवाय होत नाही. त्यामुळे सातुर्निना त्याला ‘बंधू’ म्हणायची. त्याच्या चर्चमध्ये एकमेकांना तसंच म्हणतात, पण हिच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा यायचा.

तीन दिवस एलिसेओनं गाडी उघडून ठेवली. ऑइल बदललं, प्लग बदलले, पॉइंट घासले, टॅपेट मोजून लावले. सायलेन्सरला भोक होतं ते वेल्डिंग करून बुजवलं, कारण भोकातून बाहेरची हवा आत शिरली की तपासणीचं मशीन चिडतं. शेवटी कार्ब्युरेटर काढला. त्यात पितळेचा एक बारीक जेट असतो, मुगाच्या दाण्याएवढा. त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. भोक लहान केलं की पेट्रोल कमी, धूर कमी.

“काळा धूर विसरा,” एलिसेओ हात पुसत म्हणाला. “आता हिचा धूर बाळाच्या श्वासासारखा येईल. पण एक अट आहे. ऑगस्ट महिना आहे, मला ठाऊक आहे. परीक्षा होईस्तोवर हिच्यावर दारू ओतायची नाही, निखारे जाळायचे नाहीत, फुलं, कागद, काही नाही.”

हे तो निकानोरला सांगत होता, पण बघत होता सातुर्निनाकडे. ती उलट्या डब्यावर बसून मक्याचा जांभळा आपी भुरके मारत पीत होती.

“ऑगस्टमध्ये धरणीमाय तोंड उघडून बसलेली असते, बंधू,” ती म्हणाली. “तिच्या उघड्या तोंडावरून रिकाम्या हातानं गाडी न्यायची? चाकं गिळेल ती.”

“चाकांना मी टॉर्क लावून नट आवळलेत.”

“तिला तुमचा पाना दिसत नाही.”

“कोमाद्रे,” निकानोर मध्ये पडला, “एवढं एक वेळ ऐका. उस्तादांचं काम आहे.”

सातुर्निनानं कप रिकामा केला, तळाचे दोन थेंब जमिनीवर सांडले आणि म्हणाली, “बरं.” तिच्या ‘बरं’चा अर्थ कळायला तिच्या नवऱ्याला तीस वर्षं लागली होती, आणि तोवर तो वारला.

शुक्रवारी सकाळी निकानोरच्या दारात मी पोहोचलो, तेव्हा गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि त्यात सातुर्निनाची हॅट दिसत होती. चारी चाकांशी दारूचा वास येत होता. हॅट वर आली. तिच्या हातात रंगीत कागदाच्या बारीक टिकल्यांची पिशवी होती, लग्नात उधळतात ती, आणि वर थोड्या पिवळ्या पाकळ्या.

“कोमाद्रे, उस्ताद आत्ता येईल.”

“म्हणून तर घाई करतेय. ही श्वास कुठून घेते?”

तिला विचारायचीही गरज नव्हती. एअर फिल्टरच्या डबड्याला हत्तीच्या आखूड सोंडेसारखं एक नाक असतं. तिनं मूठ भरली, काहीतरी पुटपुटली आणि ती मूठ त्या नाकात सोडली. मग दुसरी. मग बॉनेट हळूच, आवाज न करता, दाबून लावलं आणि खांद्यावरची शाल सावरून मागच्या सीटवर जाऊन बसली, जणू कालपासून तिथंच होती.

एलिसेओ आला. त्यानं नाक वर केलं.

“दारूचा वास येतोय.”

“मी प्यायलो,” निकानोर म्हणाला. बिचाऱ्याला खोटं बोलण्याचा सराव नव्हता. मी असताना त्यानं ते काम अंगावर घ्यायला नको होतं.

“सकाळी सातला?”

“घाबरलो होतो.”

एलिसेओ मान हलवत मागे सातुर्निनाशेजारी, होईल तितकं अंतर ठेवून बसला. मी पुढे, काट्यांसमोर. इंजिन चांगलं तापलेलं असल्याशिवाय धूर स्वच्छ येत नाही, म्हणून आम्ही आधी तिला ओरुरोच्या रस्त्यावर पळवणार होतो.

“कोंपाद्रे, ताप?” निकानोर म्हणाला.

“चढतोय. मध्याच्या खाली.”

“खरं की गोष्ट?”

“आज फक्त खरं.”

आणि गाडी अशी पळाली, की मी थक्क झालो. ना धक्का, ना गचका. इंजिन शिवणयंत्रासारखं एका लयीत. मी मागे वळून पाहिलं तर धूर नव्हता, नुसता रस्ता होता. एलिसेओ डोळे मिटून ऐकत होता, गवई तंबोरा ऐकतो तसा.

“याला काम म्हणतात,” तो म्हणाला.

सातुर्निना खिडकीबाहेर बघत राहिली.

परत फिरताना गाडं अडलं. सहा ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाची तालीम करत एका शाळेचं बँडपथक रस्त्याच्या मधोमध निघालेलं. ढोल, झांजा, पुढे काठी फिरवणारी पोरगी. त्या पथकामागे अजून दोन शाळांची पथकं. या तालमीमुळेच तपासणी केंद्र त्या दिवशी दुपारी बाराला बंद होणार होतं. आम्ही गल्लीबोळातून, धुण्याच्या दोऱ्यांखालून वाट काढत फाटकापाशी आलो, तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आलेली.

रांगेत इंजिन बंद करायची सोय नव्हती. बंद केलं की थंड होणार. चालू ठेवलं तर उभ्या गाडीला वारा लागत नाही, ताप चढतो.

“कोंपाद्रे?”

“मध्याच्या वर.”

रांग एका गाडीनं सरकली.

“आता?”

“लालच्या जवळ येतोय, निकानोर.”

“खरं?”

“खोटं सांगावंसं फार वाटतंय. पण खरं.”

“बॉनेट उघडतो,” एलिसेओ म्हणाला आणि खाली उतरला. “वारा लागला की उतरेल.”

सातुर्निना पहिल्यांदाच हलली. “राहू द्या की बंधू. उतरेल आपोआप.”

तिच्या आवाजातली ती अजिजी ऐकून एलिसेओ थबकला. या बाईनं त्याला कधी काही विनवून सांगितलं नव्हतं. त्यानं बॉनेट उघडलं, फिल्टरच्या नाकाशी चिकटलेली एक गुलाबी टिकली पाहिली, चिमटीत धरली. मग झाकण उघडलं.

त्यानं फिल्टर बाहेर काढला, बंपरवर आपटला, गाल फुगवून फुंकला. एल आल्तोचा वारा ऑगस्टमध्ये कुणाची वाट बघत नसतो. लाल, हिरव्या, पिवळ्या टिकल्या अख्ख्या रांगेवर उडाल्या. मागच्या ट्रकवाल्यानं लग्नाची गाडी समजून हॉर्न वाजवला.

“मी हात जोडून सांगितलं होतं,” एलिसेओ म्हणाला. “इंजिनाचं नाक चोंदवलं तुम्ही. श्वास कोंडला तिचा. पाहा, म्हणून तापली.”

“तापली ती रांगेमुळे,” सातुर्निना म्हणाली. पण ती गाडीतून उतरली, आपलं गाठोडं घेतलं आणि फुटपाथच्या कडेला जाऊन बसली. हॅट डोळ्यांवर ओढली. ती रडते का ते बघायची माझी छाती झाली नाही.

एलिसेओनं नाकाचा कोपरा न् कोपरा पुसला आणि झाकण लावलं. ताप खरोखरच उतरायला लागला होता. पण त्याबरोबर आणखी काहीतरी बदललं. इंजिन एक ठोका चुकलं. मग चार बरोबर, मग एक चुकला. सीटमधून तो मला पाठीला जाणवला.

“उस्ताद, हे काय?”

“काही नाही. स्वच्छ हवेची सवय नाही तिला.”

आमचा नंबर आला. तपासणीला इंजिनिअरबाई मारित्सा होती, कानापर्यंत टोपी, नाकाचा शेंडा थंडीनं लाल. तिनं नळी सायलेन्सरमध्ये खुपसली आणि पडद्याकडे पाहू लागली. पडद्यावर दोन आकडे. एक अर्धवट जळलेल्या धुराचा, तो जुलैत आम्हाला नडला होता. दुसरा न जळताच निसटलेल्या पेट्रोलचा. पहिला आकडा इतका खाली होता, की मारित्सानं नळी नीट बसली आहे ना ते वाकून पाहिलं. एलिसेओनं छाती फुगवली.

दुसरा आकडा चढत राहिला. लाल झाला. आणखी चढला.

“नापास,” ती म्हणाली. “पेट्रोल जळतच नाही, कच्चं बाहेर पडतंय. इंजिन ठोके चुकवतंय, ऐकू येत नाही का तुम्हाला?”

निकानोर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

“एका दिवसात दोन संधी,” ती म्हणाली. “बाजूला घ्या. बाराच्या आत ठीक झाली तर पुन्हा आणा. नाहीतर पुढची तारीख पुढच्या महिन्यात.”

“पुढच्या महिन्यात माझी जागा नसेल, इंजिनिअरबाई.”

“यंत्राला जागा कळत नाही, काका,” ती म्हणाली. पण ते तिनं हळू आवाजात म्हटलं.

गाडी भिंतीकडेला घेतली. एलिसेओ कार्ब्युरेटरवर वाकला. एक स्क्रू अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे. इंजिन खोकत राहिलं. त्यानं प्लगच्या वायरी चाचपल्या. पॉइंटचं झाकण काढून पाहिलं, लावलं. ऑगस्टच्या थंडीत त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. शेवटी तो सरळ उभा राहिला.

“पेट्रोल कमी पडतंय,” तो म्हणाला. “एक नंबर लहान जेट पुरला असता. मी दोन नंबर लहान बसवला. जुलैचा तो धूर डोक्यात होता.”

“मग मोठा बसवा,” मी म्हणालो.

“तो गॅरेजमध्ये आहे. फळीवर, डब्यात.”

गॅरेज आणि आमच्या मध्ये तीन शाळांचे ढोल वाजत होते. जाऊन येईपर्यंत फाटकाला कुलूप लागलं असतं. निकानोर गाडीतून उतरला, मागे गेला आणि काचेवरच्या निळ्या नावावरची धूळ बाहीनं पुसायला लागला. काही करण्यासारखं उरलं नाही की माणूस असं काहीतरी करतो.

एलिसेओ मात्र जागचा हलला नाही. तो जमिनीकडे बघत होता. त्याच्या बुटाला एक हिरवी टिकली चिकटली होती.

“सकाळी चांगली चालत होती,” तो स्वतःशीच म्हणाला.

आयुष्यात गप्प बसण्याची जी थोडी पुण्याई मी कमावली, त्यातली निम्मी त्या क्षणाची.

“हवा कमी मिळत होती,” तो म्हणाला. “पेट्रोल कमी, हवाही कमी. जोडी जमली होती.” मग त्यानं डोळे मिटले. कडू औषधाआधी पोरं मिटतात तसे.

तो चालत फुटपाथपाशी गेला. सातुर्निनानं हॅट वर केली नाही.

“बाई, त्या टिकल्या उरल्यात का?”

“कशाला? अजून थुंकायचंय त्यांच्यावर?”

“मी थुंकलो नव्हतो. फुंकलं.”

“इथून सारखंच दिसलं.”

“गाडीला हव्यात.”

आता हॅट वर झाली. “गाडीला की तुम्हाला?”

एलिसेओ फाटकावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, “मला.”

“नुसता कागद हवा असेल तर तिथं वर्तमानपत्र पडलंय, फाडून घ्या. टिकल्या मी मागितल्याशिवाय टाकत नाही. आणि मागायचं कुणाकडे ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“मी नाही मागणार, बाई. माझ्यानं नाही होणार ते.”

“तुम्हाला कोण सांगतंय? मागीन मी. तुम्ही फक्त टोपी काढा.”

“टोपी मी माझ्या देवासाठी काढीन.”

“कुणासाठी का काढेनात. डोकं उघडं दिसल्याशी कारण.”

गाठोडं उघडलं. पिशवीच्या तळाशी जेमतेम मूठभर उरल्या होत्या. जमिनीवरच्या गोळा कराव्या म्हणून मी वाकलो, तर सातुर्निनानं माझ्या हातावर चापट मारली. “जे खाली पडलं ते तिचं झालं. पानातलं परत घेतात का?”

एलिसेओनं टोपी काढली, फिल्टरच्या नाकाशी कान नेला. निकानोर आत बसून इंजिन जिवंत ठेवत होता. सातुर्निना पुटपुटत एकेक चिमूट सोडायला लागली. मी आडोसा म्हणून कोटाची दोन टोकं पसरून उभा, कारण वारा टपलेला होता.

“अजून,” एलिसेओ म्हणाला.

चिमूट.

“अजून थोडी.”

ठोका चुकला. चुकला. मग एक जरा उशिरा चुकला.

“पाकळ्या आहेत?”

“दोन.”

“एक टाका. मोठी.”

त्याचेही ओठ हलत होते. दोघंही आपापल्या मालकाशी बोलत होते आणि मधे गाडी. पिशवी उलटी झाली. शेवटच्या चार-पाच टिकल्या आत गेल्या, आणि इंजिनानं, झोपेत कूस बदलावी तसा, सूर बदलला. गाडीला बसणारा तो गचका थांबला.

“हात लावू नका,” एलिसेओ कुजबुजला. “कुणी शिंकू नका.”

“हे काय चाललंय?”

मारित्सा मागे उभी होती. हातात फाटकाच्या किल्ल्या.

आम्ही तिघं तीन दिशांना बघायला लागलो. सातुर्निना तेवढी सरळ तिच्याकडे बघत म्हणाली, “ऑगस्ट आहे, इंजिनिअरबाई.”

मारित्सानं उघडं बॉनेट पाहिलं, चाकाजवळचे दारूचे डाग पाहिले, उघड्या डोक्याचा मेकॅनिक पाहिला. त्या दिवशी रांगेतल्या निम्म्या गाड्यांवर हार होते. तिनं घड्याळ पाहिलं. “धरणीमायला सांगा घाई करायला. मी फाटक लावतेय,” ती म्हणाली. “आत घ्या लवकर.”

बॉनेट एलिसेओनं असं मिटलं, जणू आत मूल झोपलंय. निकानोरनं गाडी गोगलगायीच्या चालीनं आत घेतली. नळी गेली. आकडे उगवले.

हळू चालीवर दुसरा आकडा थरथरला, रेघेजवळ आला, आणि रेघेच्या खाली उतरून थांबला. निकानोरला पडदा दिसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, काट्याकडे बघणाऱ्या प्रवाशाकडे बघतो तसा.

“कोंपाद्रे?”

“खाली आहे.”

“रेस द्या,” मारित्सा म्हणाली. “आणि धरून ठेवा.”

निकानोरनं पाय दाबला. आता उलटी भीती. इंजिन जोरात ओढायला लागलं की टिकल्या नाकात घट्ट बसणार, हवा आणखी कोंडणार, आणि जुलैचा काळा धूर परत. पहिला आकडा, सकाळी एलिसेओनं ज्याच्यावर छाती फुगवली होती, तो चढायला लागला. रेघेच्या निम्म्यावर. पाऊण. एलिसेओनं टोपी तोंडात धरली.

“कोंपाद्रे?”

मला त्याला सांगायचं होतं की सगळं छान आहे. मी आयुष्यभर लोकांना तेच सांगत आलोय. “चढतोय,” मी म्हणालो. “पाय हलवू नकोस.”

आकडा रेघेला टेकला. मारित्साची पेन्सिल कागदावर थांबली. मी श्वास घेतला नाही, आणि इथल्या हवेत तो न घेणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. आकडा एक केसभर खाली आला आणि तिथेच थांबला.

“सोडा,” ती म्हणाली. “पास.”

निकानोरनं पाय काढला, त्याबरोबर सायलेन्सरमधून फुस्स झालं आणि एक गुलाबी टिकली, अजिबात न जळलेली, तरंगत बाहेर आली आणि मारित्साच्या टोपीवर बसली. हे अशक्य आहे असं एलिसेओ आजही सांगतो. फिल्टर, व्हॉल्व्ह, आग, सगळं समजावून सांगतो. मी त्याचं म्हणणं खोडत नाही. मी फक्त तिथं होतो.

बिल्ल्याचा गोंद ओला असतानाच आम्ही स्टँडवर पोहोचलो. सातव्या जागेवर नवी मिनीबस उभी होती, इंजिन चालू, पुढचं चाक निकानोरच्या धोंड्यांवर. निकानोरनं हॉर्न दिला. मिनीबसवाला उतरला, आमच्या काचेजवळ आला आणि बिल्ल्यावर नख घासून पाहायला लागला.

“ओला आहे,” तो म्हणाला.

“मग बोट लावू नकोस,” निकानोर म्हणाला. “सुकू दे.”

मिनीबस मागे सरकली. ती पुरती सरकेपर्यंत निकानोरनं ब्रेकवरचा पाय काढला नाही. मग सरोवरकन्या आपल्या धोंड्यांवर चढली आणि एक हलका हिसका देऊन थांबली. त्याचे खांदे खाली आले.

“सोमवारी गाडी आणा,” एलिसेओ उतरताना म्हणाला. “योग्य जेट बसवतो.” थोडं थांबून सातुर्निनाकडे न बघता म्हणाला, “आणि बाई, तेव्हा चाकांनाच काय ते करा.”

“बरं, बंधू,” सातुर्निना म्हणाली. या वेळी तो शब्द नुसता शब्दासारखा आला.

मी पुढची सीट सोडली, कारण लाइन लागली होती आणि एक बाई टोपलीसकट दारापाशी उभी होती. ती माझ्या जागी बसली. निकानोरनं गिअर टाकला.

“बाई, जरा ताप बघा.”

“मधोमध आहे,” ती काट्याकडे वाकून म्हणाली. मग हवा येते त्या जाळीवर हात धरून म्हणाली, “पण अहो, हे माझ्या मांडीवर रंगीत काय पडतंय?”